पाचापैकी चार

अण्णांना कुठलीही गोष्ट कशी वाटली असं विचारलं की ते आकडा सांगत. मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्या आठवड्यात खीर केली होती. घरमालक एकटेच आहेत, म्हणून वाटीभर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना ते म्हणाले, "चार." मला वाटलं, आणखी चार वाट्या हव्यात की काय. "पाचापैकी चार," त्यांनी खुलासा केला आणि जिना चढून वर गेले. एक मार्क कुठं कापला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझी तेव्हा नाशिकहून सोलापूरला बदली झाली होती. आवक-जावक विभाग. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, बरोबर कुणी नाही, हे कळल्यावर तीन घरमालकांनी जागा नुकतीच दिली गेल्याचं सांगितलं होतं. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता.

"मिक्सर हाय का?"

"आहे."

"सकाळी साडेसहा ते सात लावायचा न्हाय. रेडिओत खरखर येती. बाकी तुमचं तुमी."

अण्णा मूळचे दुधनीचे. घरची भाषा कानडी, बाहेर मराठी, आणि आजूबाजूच्या विणकर शेजाऱ्यांशी कामापुरतं तेलुगू. होटगीला रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरावर तार ओढली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून परसातल्या शेवग्यापर्यंत एक लांबलचक तांब्याची तार होती आणि तिचं दुसरं टोक खिडकीतून आत, रेडिओच्या पाठीत गेलेलं होतं. गल्लीत त्यांना सगळे तारवाले अण्णा म्हणत. पाहुण्यांना पत्ता सांगताना मीही 'तारेचं घर' म्हणायला लागले. पाहुणे म्हणजे कोण, तर गॅसवाला.

या तारेवर अण्णा परदेशी रेडिओ केंद्रं पकडत. असा छंद असलेले लोक जगभर असतात, हे मला तिथं कळलं. दूरचं केंद्र लागलं की त्याचा रिपोर्ट लिहायचा. किती वाजता ऐकलं, सिग्नल पाचापैकी किती, खरखर किती, आवाज मधे बुडाला का. तो रिपोर्ट पत्रानं त्या केंद्राला पाठवायचा. मग दीडएक महिन्यानं तिकडून एक छापील चित्राचं कार्ड येतं. तुमचा रिपोर्ट तपासला, बरोबर आहे, आभारी आहोत. अण्णांकडे बिस्किटांचे अकरा डबे अशा कार्डांनी भरलेले होते.

"अण्णा, कार्यक्रम आवडला का, ते नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"आवडीचं काय काम हाय त्यात? ऐकू आलं का, कसं आलं, तेवढंच लिवायचं. आपली आवड त्यास्नी काय करायचीय?"

मला ते पटलं. आमच्या कार्यालयातही तेच होतं. पत्र आलं, नोंद झाली, पुढं गेलं. आत काय लिहिलंय ते वाचायचं नसतं.

एकट्या माणसाचा रविवार फार मोठा असतो. शनिवारी संध्याकाळी कार्यालयाच्या दारात 'चला' म्हटलं की सोमवारी सकाळपर्यंत माझं नाव कुणी घेत नसे. सोलापुरात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि मी ओळख करून घेणाऱ्यांतलीही नव्हते. अशाच एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरून एक आवाज आला. एक माणूस गिटारवर काहीतरी म्हणत होता. म्हणत होता म्हणजे गात होता, पण गाणाऱ्याचा कसलाच तोरा त्यात नव्हता. दिवसभराचं काम आटोपून पायरीवर बसावं आणि आपल्याशीच बोलावं, तसं चाललं होतं. मी सिनेमातल्या गाण्यांवर आणि भावगीतांवर वाढलेली बाई. मला एक शब्द कळला नाही. पण हातातला कप हातातच राहिला आणि चहावर साय धरली.

पुढच्या रविवारी मी जिना चढून गेले. दार उघडंच होतं. अण्णा स्टुलावर वही-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती खुर्ची आधीच मांडलेली असायची.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम. सांगणारी बाई वयस्क असावी. संथ, सोपं इंग्रजी बोलायची आणि दर गाण्याआधी ते कुणाचं, कुठलं, ते सांगायची. पण नेमकं नाव यायच्या वेळी आवाज बुडायचा, आणि गाणं सुरू झालं की वर यायचा. त्यामुळं आम्हा दोघांना एकाही गाण्याचं नाव कधी कळलं नाही. प्रकार मात्र कळले. खेड्यापाड्यातल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या म्हटलेली लोकगीतं. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचे ब्लूज. आणि त्यांच्याच देवळातल्या भजनांतून बाहेर पडून प्रेमाबिमाकडे वळलेलं सोल. ते ऐकताना मात्र माझ्यासारख्या बाईचीही बोटं खुर्चीच्या हातावर वाजायची. मागच्या गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की रेडिओत खडखड शिरायची, तोवर सात वाजलेले असत. अण्णा वहीत आकडे मांडत. मी उठून खाली येई. या अर्ध्या तासात आम्ही फार तर चार वाक्यं बोलत असू, पण माझा आठवडा त्या अर्ध्या तासावर उभा होता, हे खरं आहे.

एक गाणं असं होतं की ते लागलं की अण्णांची पेन्सिल थांबायची. घोगऱ्या आवाजाची एक बाई. फार सावकाश. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर. दोन-तीन महिन्यांतून एकदा कधीतरी ते यायचं. अण्णा डोळे मिटत नसत, मान डोलावत नसत, नुसती पेन्सिल कागदावर टेकवून ठेवत. संपलं की पुन्हा आकडे.

"ही म्हातारी आमच्या हिला लई आवडायची," एकदा ते आपण होऊन म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको, मी यायच्या आधी तीन वर्षं वारलेली. "तिला कानडीबिगर काय कळायचं न्हाय. पर ही लागली की म्हणायची, दळायला बसलीय बघा बाई. जात्यावर असंच म्हणत्यात की, एक वळ दोनदा. मग सारखी म्हणायची, ती म्हातारी लावा. आता रेडिओवर कसं लावायचं, सांगा. येईल तवाच येनार."

त्यांना एक मुलगा होता, हुबळीला. दर महिन्याला त्याचा फोन यायचा. मला खालून अण्णांची बाजू ऐकू यायची. "हां. बरं हाय. पाऊस न्हाय. हां." एवढ्यात संपायचा. आईचे दिवस झाल्यावर तो गेला, तो परत घरी आला नव्हता. भांडण झालेलं नव्हतं. का येत नाही, ते गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

मग एका रविवारी त्या कार्यक्रमातल्या बाईनं सांगितलं की महिनाअखेरीस हे प्रसारण बंद होणार. आता कुणी असा रेडिओ ऐकत नाही. शेवटच्या भागात तिला श्रोत्यांची पत्रं वाचायची होती. या गाण्यांनी तुम्हाला काय दिलं, ते कळवा, म्हणाली. टपालाला वेळ नसेल तर ई-मेल करा. मी अण्णांना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी वही मिटून ठेवली.

"तुमी इंग्रजीत लिवाल?"

"लिहीन की. तुम्ही सांगा."

दोन संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन, "उद्या बगू," म्हणून परत गेले. तिसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न बघता सांगत गेले. मी आधी मराठीत उतरवून घेतलं.

बायको आजारी होती. खाट पुढच्या खोलीत, रेडिओपाशी आणली होती. त्या रविवारी ती म्हातारी लागली आणि लागताच बुडाली. बायकोनं हातानं खूण केली, मोठं करा. अण्णा गच्चीवर धावले. वाऱ्यानं तार टाकीवरून घसरली होती. त्यांनी ती हातात धरली तसा खालून स्वच्छ आवाज यायला लागला. बांधायला म्हणून हात सोडला की आवाज बुडायचा, धरला की यायचा. मग ते तार धरून तसेच उभे राहिले. सगळं गाणं संपेपर्यंत. खाली आले तेव्हा ती गेली होती.

"तिनं ऐकलं का न्हाय, मला ठाव न्हाय. पर सिग्नल पाच हुता ताई. तसला सिग्नल पुन्ना कदी आला न्हाय. सांजच्याला मानसं बसली हुती, मी वही काडली. रिपोर्ट लिवला. दुसरं काय करावं ते मला सुदरलं न्हाय. पोरानं बगितलं."

दीड महिन्यानं त्या तारखेचं कार्ड आलं. उत्तम रिपोर्टबद्दल आभार. मुलगा दिवसकार्य आटोपून, रजा वाढवून राहिला होता. पोस्टमननं ते कार्ड नेमकं त्याच्या हातात दिलं. त्यानं तारीख वाचली, कार्ड रेडिओवर ठेवलं आणि त्याच दिवशी बॅग भरली.

मी पत्राचं इंग्रजी केलं आणि केंद्राला पाठवलं. मराठी कागद माझ्याजवळ राहिला. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, तो माझा स्वभावच नाही. पण त्या दिवशी पडले.

"अण्णा, हा कागद हुबळीला पाठवू या."

"त्याला काय सांगायचं? त्यानं सोताच्या डोळ्यानं बगितलंय की."

"त्यानं तुम्हाला लिहिताना बघितलं. गच्चीवर उभं राहिलेलं कुठं बघितलं?"

ते उठून वर गेले. चार दिवसांनी माझ्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. तिच्यावर हुबळीचा पत्ता होता.

शेवटच्या रविवारी त्या बाईनं बरीच पत्रं वाचली. आमचं वाचलं नाही, किंवा आवाज बुडाला तेव्हा वाचलं असेल. घोगऱ्या म्हातारीचं गाणंही लागलं नाही. बाईनं सगळ्यांचा निरोप घेतला आणि नुसती खरखर राहिली. अण्णांनी नेहमीसारखा रिपोर्ट लिहिला. सिग्नल तीन. पाठवायला आता पत्ता नव्हता, पण लिहिला.

मुलगा पंधरा दिवसांनी आला. मी नळाला पाणी येणार म्हणून बादल्या लावत होते, तर दारात बॅग घेऊन उभा. अण्णा जिन्यावर होते. "गाडी टायमात आली का?" त्यांनी विचारलं. "आली," तो म्हणाला. मग तो तसाच गच्चीवर गेला आणि टाकीजवळ किती तरी वेळ एकटा उभा राहिला. मी पाहिलं ते एवढंच. आठवड्यानं तो अण्णांना हुबळीला घेऊन गेला. निघताना अण्णांनी मला किल्ली दिली, म्हणाले, "मिक्सर आता कदीबी लावा." मला त्यांचं बरं झाल्याचा आनंद झाला, आणि त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे. माझ्यामुळंच ते गेले होते. मी वर्षभर त्या घरात एकटी राहिले आणि साडेसहा ते सात मिक्सर काही लावला नाही.

नंतर माझी नांदेडला बदली झाली. आता मोबाइलवर सगळं मिळतं. जगातले सगळे ब्लूज, सगळं सोल, खरखर नाही, बुडणं नाही. मी रविवारी ऐकत बसते. त्या म्हातारीचं गाणं खूप शोधलं. नाव ठाऊक नसलेलं गाणं तिथं सापडत नाही. आणि खरं सांगायचं तर इतक्या स्वच्छ आवाजात मला फार एकटं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात कार्यालयात असताना हुबळीहून फोन आला.

"अप्पांचं बोलणं गेलंय," अण्णांचा मुलगा म्हणाला. "अर्धं अंग गेलं. ऐकू येतं म्हणतात डॉक्टर. आईला आवडायचं ते गाणं त्यांना ऐकवावं म्हणतो. वह्या सगळ्या बघितल्या. तारखा आहेत, सिग्नल आहे. कुठलं आवडलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. तुम्हाला नाव माहीत आहे का हो?"

"नाव नाही माहीत," मी म्हटलं. "चाल माहीत आहे."

त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "फोन त्यांच्या कानाशी धरतो."

मी जावकच्या टेबलावर होते. समोर दोन शिपाई, एक टपालवाला आणि कसलासा दाखला घ्यायला आलेल्या बायका. मी शाळेत प्रार्थनासुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणणारी. पण म्हटलं. शब्द येत नव्हते म्हणून नुसत्या हुंकारानं, एक ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी. आवाज मधे फाटला तरी थांबले नाही. शेवटपर्यंत म्हटलं आणि मग, फोन अजून त्यांच्याच कानाशी असेल असं समजून, त्यांना सांगितलं, "अण्णा, मला हे गाणं फार आवडतं. तुमच्याशेजारी बसून ऐकायला फार आवडायचं."