हातभर लांबून मारलेली खूण

"लांबून कर ना! काय खाऊन आलीयेस तू?"

मॅडम हे जोरात बोलल्या. हळूच नाही, बाजूला घेऊन नाही. रेंजवर तेव्हा सगळे होते. आमचे कोच सर, पोरं, पोरांचे आईबाप, पाण्याचे जार आणणारा माणूससुद्धा.

माझं तोंड ईशानीच्या गालापासून चार बोटांवर होतं. ईशानी म्हणजे मॅडमची मुलगी, सोळा वर्षांची, आमच्या रेंजवरची सगळ्यात भारी शूटर. ती धनुष्य पूर्ण खेचून उभी होती. माझ्या हातात पांढरा मार्कर. दुपारी डब्यात सुकट होती, म्हणजे सुकी मासळी.

मागून एक पोरगा म्हणाला, "आज मुलुंडला बंदर आलं काय रे?"

सगळे हसले. सर पण हसले. म्हणाले, "अगं, हो जरा मागे."

मी पण हसले.

हे मला अजून गिळता येत नाही. शिवी दिली असती, रडले असते, काहीही केलं असतं तरी चाललं असतं. मी हसले. जणू जोक मस्तच होता.

थांबा, नीट सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही. मुलुंडला एका क्लबच्या मागे आमची तिरंदाजीची रेंज आहे. मी एकोणीसची असताना तिथे लागले, रजिस्टर लिहायला. कोण आलं, किती वाजता आलं, सही. बस. पण मी बघत बसायचे. सर धनुष्यं कशी उघडतात, दोरी कशी बदलतात. एकदा सरांच्या हाताला पट्टी होती तेव्हा म्हटलं, मी दोरी बांधू का? आई घरी साड्यांना फॉल-पिको करते, दोरा आणि गाठ माझ्या हातात लहानपणापासून आहे. बांधलं. सर बघतच राहिले. तेव्हापासून तीन वर्षं रेंजवरच्या प्रत्येक धनुष्याचं काम मीच करते.

आता पीप साईट. कंपाउंड धनुष्य म्हणजे ज्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात ते. त्याच्या दोरीत, बाण अडकवतात त्याच्या जरा वर, शर्टाच्या बटणापेक्षा लहान एक गोल रिंग बसवतात, भोक असलेली. दोरीचे धागे दोन भागांत फाकवायचे, मध्ये रिंग ठेवायची, वर-खाली दोऱ्याने घट्ट बांधायची. दोरी तोंडापर्यंत खेचली की त्या भोकातून पुढचं निशाण दिसतं. ती रिंग म्हणजे पीप.

पण ती बसवायची कुठे? हे कुठे लिहिलेलं नसतं. प्रत्येकाचं तोंड वेगळं ना. म्हणून शूटरने डोळे मिटायचे, खेचायचं, हात जबड्याखाली नेहमीच्या जागी टेकवायचा, आणि मग डोळा उघडायचा. त्या क्षणी डोळा जिथे असेल तिथे, बरोब्बर तिथे, दोरीवर दुसऱ्या माणसाने खूण मारायची. त्यासाठी जवळ जावंच लागतं. डोळ्याच्या लेव्हलला आपला डोळा आणावा लागतो. तिरकं बघितलं की खूण चुकली.

तर मी मागे झाले. एक पाऊल, मग अजून अर्धं. हात लांब केला, तोंड दुसरीकडे फिरवलं. श्वास रोखला. आणि खूण मारली.

चुकली. मला तेव्हाच कळलं. तीनेक वर्षांत माझा डोळा तयार झालाय, मला दिसतं. चार मिलिमीटर तरी खाली होती.

परत मारायची म्हणजे ईशानीला "परत खेच" म्हणायचं. म्हणजे परत जवळ जायचं. परत मॅडम. परत ते हसणं.

मी म्हटलं, "झालं. परफेक्ट."

धनुष्य प्रेसमध्ये लावलं, दोन्ही बाजूंनी दाबलं, दोरी सैल झाली. धागे फाकवले, पीप बसवली, बांधली. बांधणी एकदम झकास. चुकीच्या जागी झकास. ईशानीने खेचून बघितलं तर पीप जरा वाकडी फिरत होती, मी एक धागा इकडून तिकडे घेतला, ती सरळ झाली. सगळं शिस्तीत. सर म्हणाले, "हिचा हात बघा."

ईशानी मात्र म्हणाली, "थोडी खाली वाटतेय का गं?"

"नवीन आहे ना. सवय होईल."

ती हो म्हणाली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

आणि हे पण सांगते, लपवत नाही. ईशानी राज्याच्या टीममध्ये गेली तर सर मला सोबत नेणार होते. सामान सांभाळणारी म्हणून. यादीत माझं नाव लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या घरातल्या कुणाचं नाव असल्या यादीत आलं नाही कधी. आजोबा गिरणीत होते, बाबा कुरियरच्या गोडाउनला आहेत. मॅडम क्लबच्या कमिटीवर. म्हणून तोंड उघडलं नाही. भीतीच होती, पण ती अशी होती.

त्या संध्याकाळी नाहूरला घरी आले आणि आईला म्हटलं, "उद्यापासून डब्यात सुकट देऊ नको."

"कित्याक गो? काय झाला?"

"काही नाही. कामावर चालत नाही."

"तुका आवडता म्हणान केलंय मी."

"नको म्हटलं ना!"

मग मी जे सुरू केलं ते लिहितानाही लाज वाटतेय. दोनदा ब्रश. बडीशेप. पुदिन्याच्या गोळ्या. निघताना अंगभर डिओ. टी-शर्ट किचनपासून लांब, बाल्कनीत टांगायला लागले. एक दिवस आई बांगडे तळत होती आणि उठून माझी बट कानामागे सारायला आली. रोज सारते. मी म्हटलं, "लांब हो गं आई. केसांना वास लागेल."

ती थांबली. हात तिथेच हवेत. मग पदराला पुसला आणि परत गॅसकडे गेली. मी पण निघून गेले, उशीर होत होता.

मग सिलेक्शनची पहिली चाचणी आली. बोरिवलीच्या एका मैदानावर, पन्नास मीटरवर टार्गेट. प्रॅक्टिसमध्ये ईशानी हनुवटी जरा दाबून भोकातून बघायची, जुळवून घ्यायची. पण मॅचमध्ये कोण हनुवटी लक्षात ठेवतं? टेन्शन आलं की माणूस आपल्या मूळ सवयीने उभा राहतो. ती पण राहिली. पहिले सहा बाण ठीक गेले. मग आठ, सात. मग एक थेट निळ्यात, सगळ्यात बाहेरच्या रिंगणात. मी मागे उभी होते, मला तिची मान दिसत होती. वर, खाली, वर. भोक शोधत होती ती.

ती पुढच्या फेरीत गेली नाही. बाहेर आली तेव्हा रडत होती. "मला अर्धंच दिसत होतं, मम्मा. अर्धंच."

मॅडमनी धनुष्य घेतलं, दोरीकडे बघितलं, जणू त्यांना कळतंय. "हे कुणी लावलं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "सॉरी म्हण."

"सॉरी मॅडम."

"मला काय म्हणतेस? तिला म्हण. मी म्हटलं होतं ना सर तुम्हाला, असली कामं असल्या लोकांकडे द्यायची नाहीत."

"सॉरी ईशानी."

बाकीचे बुटांकडे बघत होते. मॅडम पुढे गेल्या तेव्हा ईशानी मागे राहिली, डोळे पुसत. हळू विचारलं, "तुला माहीत होतं का?"

सांगायची वेळ तीच होती. समोर दुसरं कुणी नव्हतं. सोळा वर्षांची पोरगी, नाक लाल झालेलं, सरळ विचारतेय.

मी म्हटलं, "नाही."

मॅडमनी जे केलं ते मॅडमचं. हे मात्र माझं.

अजून एक चाचणी बाकी होती, तीन आठवड्यांनी. सरांचा मेसेज आला: शनिवारी ये, पीप परत लावायची आहे, मॅडम येणार आहेत, नीट वाग.

शनिवारी सकाळी मी निघाले. आई किचनच्या दारात उभी. आत यायची, माझ्या बॅगेत डबा कोंबायची, पाण्याची बाटली भरलीस का विचारायची, हे तिचं रोजचं. त्या दिवशी ती दारातच थांबली. डबा पुढे केला. हात पूर्ण लांब करून. आणि तोंड बाजूला.

"धर. भेंडी आसा. हात लिंबान धुतलंय मी."

मी बघत राहिले. तो लांब केलेला हात. ते फिरवलेलं तोंड. तशीच तर मी उभी राहिले होते मार्कर घेऊन. तिला हे कुणी शिकवलं? मी. माझ्याच घरात, माझ्याच आईला, मी पंधरा दिवसांत शिकवलं. मॅडम नाहूरला आल्या नव्हत्या. मी त्यांना घेऊन आले होते.

"कधीपासून लिंबू लावतेस?"

"त्या दिसापासून. अजून येता काय वास?"

सॉरी म्हणता आलं नाही. मॅडमना पटकन आलं होतं, आईला आलं नाही. बॅग खाली ठेवली. म्हटलं, "सुकट आहे का घरात?"

"आता? सकाळच्या पारा?"

"आता."

तिने केली. मी भाकरीबरोबर खाल्ली, तिथेच ओट्याला टेकून. ती माझ्याकडे बघत होती आणि मला वर बघता येत नव्हतं. हात धुतले, तोंड धुतलं, रोज जेवून धुते तसं. गोळी नाही खाल्ली.

रेंजवर सर वाट बघत होते. मॅडम खुर्चीत, ईशानी धनुष्य घेऊन तयार. तिने माझ्याकडे बघितलं नाही, दोरी तपासत राहिली.

मॅडम म्हणाल्या, "आज तरी नीट कर. आणि आधी चूळ भरून ये, प्लीज. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही घरात, त्रास होतो गं तिला."

ईशानी म्हणाली, "मम्मा, मला नाही होत."

"तू गप्प बस."

फिल्मी काही नव्हतं. मी बॅग टेबलावर ठेवली आणि बोलले.

"मॅडम, मी जेवून आलेय. सुकट. चूळ घरीच भरलीये. आणि खूण जवळ उभं राहूनच मारतात. त्या दिवशी तुम्ही लांब केलंत आणि मी झाले लांब, म्हणून चुकली. मला तेव्हाच कळलं होतं. ईशानी, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

मग मॅडम उठल्या. "ऐकलंत सर? कबूल करतेय. माझ्या मुलीचं मुद्दाम वाटोळं केलं हिने."

"मुद्दाम नाही. घाबरून. पण केलं मीच."

सरांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "वेडी आहेस का तू? कुणी विचारलं होतं तुला? जा, गप लांबून मार खूण. काय फरक पडतो?"

"चार मिलिमीटरचा पडतो सर."

"यादीतलं नाव जाईल हां."

ते नाव मी मनातल्या मनात शंभर वेळा वाचलं होतं.

"जाऊ दे."

"गेलंच समज."

मी परत आले आणि मार्कर ईशानीसमोर टेबलावर ठेवला, लांबून मी मारणार नव्हते. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं ती काहीतरी चांगलं बोलेल. नाही बोलली. म्हणाली, "मला तेव्हाच सांगायला हवं होतंस तू. मॅचच्या आधी."

बरोबर होतं तिचं.

पीप नंतर सरांनी लावली. कशी लागली, मला माहीत नाही. मी रजिस्टर लिहीत बसले. सोमवारी सोबत जाणाऱ्यांची यादी बोर्डावर लागली, माझ्या जागी दुसरं नाव होतं. रेंजवरून मला काढलं नाही अजून, कारण एकट्या सरांना सगळ्या दोऱ्या बांधणं जमत नाही. ते पण कधीही होईल.

आईला मी हे सगळं सांगितलं नाही. तिच्या हाताला अजून लिंबाचा वास येतो. मी जवळ जाऊन बसते, ती सरकते. हे मी केलंय आणि हे एका दिवसात सुटणार नाही, मला माहितीये.

काल एक गृहस्थ मुलाचं नवंकोरं धनुष्य घेऊन आले. "पीप तुम्हीच लावता ना?" मी म्हटलं, हो, पण आधी ऐका. मी मुलाच्या गालाजवळ उभी राहणार. मी काय खाल्लंय ते विचारायचं नाही. खूण चुकली तर मी सांगणार चुकली, आणि त्याला परत खेचायला लावणार, दहा वेळा लागलं तरी. हे जमत नसेल तर धनुष्य आत्ताच परत न्या. सर ऐकत होते. ऐकू देत. हे मी आता प्रत्येकाला सांगणार, तोंडावर, आणि ज्याला चालत नाही त्याच्या धनुष्याला हात लावणार नाही. यादीत नाव असो, नसो.