ढेकूण नव्हे, जुने गहू

"पंप भरा आणि सरळ जाधवांच्या घरात मारा," सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यातच सांगितलं.

नव्वदच्या दशकात मी पेस्ट कंट्रोलचा सुपरवायझर होतो. ही नेरूळची चार मजली बिल्डिंग. तळमजल्यावरचे भाडेकरू जाधव साताऱ्याकडचे, वाशीच्या धान्यबाजारात पोती उचलणारे. बिल्डिंगभर ढेकूण त्यांच्याच पोत्यांतून आले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. रविवारपर्यंत खोली रिकामी करा, अशी नोटीस फळ्यावर लागली होती. त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

माझा नियम साधा. आधी किडा दाखवा, मग औषध. कुणीतरी काडेपेटीत धरून ठेवलेला आणून दिला. भिंगाखाली बघितला आणि माझं डोकंच फिरलं. ढेकूण चपटा असतो, त्याला पंख नसतात. याच्या पाठीवर पंखांची कडक झाकणं होती. हा पिठात, जुन्या धान्यात होणारा तांबडा किडा. तो माणसाला चावत नाही. चावत होते ते खाडीकडचे डास, आणि खिडक्या सगळ्यांच्याच सताड उघड्या.

तरी जाधवांच्या गाद्या, खाटेचे सांधे, फडताळ, सगळं तपासलं. एक किडा नाही. मग जिन्यातल्या किड्यांच्या मागावर वर गेलो, तर तिसरा मजला, सेक्रेटरींचंच दार. आत माळ्यावर गव्हाची कोठी. दर उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, तेही मागच्या उरलेल्यांवरच ओतायचे. तळाशी हात घातला तर नुसता भुसा, आणि तो वळवळत होता.

सेक्रेटरींनी दार लोटून घेतलं. "हे बाहेर कशाला? तुम्ही औषध खालीच मारा."

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. मी पंप भरलाच नाही. कोठी कुणाची, हे नावासकट रिपोर्टात लिहिलं आणि रिपोर्ट नोटिशीवरच चिकटवला. संध्याकाळपर्यंत दोन्ही कागद गायब झाले. जाधव राहिले. त्यांची माफी कुणी मागितली नाही.

त्या दिवशी निघताना मी जाधवांना काडेपेटी दाखवली होती. एक नजर टाकून ते म्हणाले, "जुन्या गव्हातला हाय ह्यो. रोजच बघतोय की."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं, साहेब. म्हनले, हमालाला काय कळतंय."

तेव्हापासून भिंग काढायच्या आधी, ज्याच्यावर आळ आहे त्याला मी विचारतो.