उसवबाई

हे नाव त्यांना शाळेतल्या मुलींनी ठेवलं, आणि मुलींनी काही खोटं ठेवलं असं म्हणायची सोय नाही. एकतीस वर्षं बाईंनी मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवलं. मुलगी विणलेला तुकडा घेऊन टेबलाशी आली की बाई तो खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "उसव." बरं, उसवायचं त्या मुलीनं, पण तिचा हात जरा घुटमळला की बाई स्वतःच सुई काढून घ्यायच्या आणि धागा ओढायच्या. सर्रकन! आठवडाभराची मेहनत मांडीवर गोळा होऊन पडायची. मुलगी रडकुंडीला यायची. बाई म्हणायच्या, "रडायला काय झालं? लोकर कुठं गेली आहे का? लोकर आहे तेवढीच आहे. चूक गेली फक्त."

मनानं दुष्ट होत्या का? छे हो. शाळा सुटल्यावर त्याच मुलीशेजारी बसून तिच्याकडून पहिल्यापासून टाके घालून घ्यायच्या, तासभर, न कंटाळता. पण चूक दिसली की त्यांच्या हाताला कळ लागायची. हात आधी चालायचा, डोकं मागून यायचं. हे त्यांना स्वतःलाही माहीत होतं आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

निवृत्त झाल्यावर बाईंच्या आठवड्यात एकच सुखाचा दिवस उरला, तो गुरुवार. दुपारी चारला त्या आप्पांच्या लोकरीच्या दुकानात जायच्या. दुकान रुंदीला जेमतेम दोन माणसांचं, पण आत खोलवर गेलेलं, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर लोकरच लोकर. आप्पा ती नंबरांप्रमाणे लावत नसत, रंगांप्रमाणे लावत. दारापाशी पांढरा, मग सायीचा, मग बिस्किटी, आणि असं करत करत तुम्ही मागच्या भिंतीशी पोचलात की काळा. मध्ये कुठं निळा संपला आणि हिरवा लागला ते शोधून दाखवा म्हणून बाई आप्पांशी वाद घालायच्या. वीस वर्षांत त्याचा निकाल लागला नव्हता.

आत शिरलं की आधी वास यायचा, कोरड्या लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा. बाई पहिली पाच मिनिटं कशालाच हात लावायच्या नाहीत. नुसतं बघायचं. मग लोकरीचा एखादा गुंडा काढायचा आणि मानेला लावायचा. "हातांना काय कळतंय," त्या म्हणायच्या, "हात निबर झालेत. लोकर बोचते ती मानेला." मग दुसरा गुंडा, मग तिसरा. पुष्कळदा काहीच न घेता निघायच्या, आणि तरी पोटभर जेवून निघाल्यासारखा चेहरा व्हायचा. आप्पांनी कधी "काय दाखवू?" असं विचारलं नाही. ते स्टूल पुढं सरकवायचे, चहा सांगायचे आणि आपल्या सुया चालवत बसायचे. आप्पा स्वतः उत्तम विणायचे. बाईंनी त्यांचं काम एकदाच उजेडाकडे धरलं होतं आणि काही न बोलता परत दिलं होतं. आप्पा ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतात.

त्या दुकानाची एक रीत होती. एकाच रंगाची लोकर दोनदा रंगवली की दोन्ही वेळचा रंग तंतोतंत येत नाही. ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात गेलं की बाही वेगळी आणि पाठ वेगळी दिसते. म्हणून कुणी स्वेटर सुरू केला की आप्पा त्याची सगळी लोकर एकाच खेपेची काढून एका कापडी पिशवीत घालत, वर नावाची चिठ्ठी टाचत आणि पिशवी मागच्या खुंट्यांवर लटकवत. गिऱ्हाइकानं लागेल तसा एकेक गुंडा न्यायचा. स्वेटर पुरा होऊन आप्पांना दाखवला की मगच चिठ्ठी निघायची.

एका गुरुवारी बाईंचं लक्ष त्या खुंट्यांकडे गेलं. चिठ्ठीची बाजू भिंतीकडे करून लटकवलेल्या एका पिशवीच्या तोंडातून गडद वांगी रंगाचा गुंडा डोकावत होता.

"आप्पा, ही कुणाची निवड हो?"

"आहे एक गिऱ्हाईक," आप्पा म्हणाले.

बाईंनी गुंडा ओढून काढला आणि मानेला लावला. "काय मऊ आहे! ज्याच्या अंगावर जाईल ना, तो नशिबाचा." आप्पांना एकाएकी खोकला आला आणि ते दहा नंबरची सुई शोधायला माळ्यावर चढले. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाईंना एकच लेक होती, बबी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घरात या दोघीच. बबी दहा वर्षांची असताना तिनं आईसाठी मफलर विणायला घेतला होता. तिचा हात सैल. टाके कुठं ढगळ, कुठं आवळलेले, मधूनच एखादा निसटलेला. बाईंनी तो मफलर उसवला. एकदा नाही, चारदा. पाचव्या वेळी बबीनं सुया खणात ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, "आई, तूच वीण." त्यानंतर तिनं घरात सुई हातात धरली नाही. मोठी झाली, विम्याच्या कचेरीत लागली, चौतीस वर्षांची झाली. मायलेकींचं गूळपीठ होतं, दिवसभर एकमेकींची टवाळी चालायची. पण तो मफलर दोघींच्याही बोलण्यात कधी आला नाही. बाई तो विसरल्या होत्या, खरं सांगायचं तर.

मग बबी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. सोमवारी कचेरीतून लवकर घरी आली, बुधवारी इस्पितळात नेली आणि शनिवारी पहाटे तिनं डोळे मिटले. आईच्या हातात हात होता, एवढंच. बाई रडल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी बबीचे कपडे घड्या घालून कपाटात ठेवले आणि खुर्चीत बसल्या, त्या जवळजवळ बसूनच राहिल्या. गुरुवार यायचे आणि जायचे. सात महिने त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत.

आठव्या महिन्यात आप्पा स्वतःच घरी आले. दुकान भरदिवसा बंद ठेवून. त्यांच्या हातात ती कापडी पिशवी होती.

"बाई, मी गुन्हेगार आहे तुमचा," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "हे केव्हाच आणून द्यायला हवं होतं. धीर झाला नाही."

पिशवीवर बबीच्या अक्षरात चिठ्ठी होती. "आईचा. तिला सांगू नका."

आप्पांनी सगळं सांगितलं. कचेरी दुकानाच्या समोरच. जेवणाच्या सुट्टीत बबी रोज अर्धा तास दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन विणायची. डबा एका बाजूला, सुया दुसऱ्या बाजूला. घरी विणणं शक्यच नव्हतं. "मी म्हटलं, पोरी, एवढा टाका मी नीट करून देतो, तर हात झटकला माझा. म्हणाली, तुमचा हात आई एका नजरेत ओळखेल. माझं माझ्याच हातचं असू दे." आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "म्हणायची, आईनं गावभर लोकांना विणून घातलं, तिच्या अंगावर मात्र कधी कुणी विणलेलं काही नाही. मी विचारलं, अगं पण ती उसवेल त्याचं काय? तर खो खो हसली. म्हणाली, म्हणून तर पुरा झाल्यावर द्यायचाय. अंगातला स्वेटर काही ती उसवणार नाही."

बाईंच्या तोंडून हुंदका फुटला तो तेव्हा. सात महिन्यांचा साठलेला. आप्पा बिचारे हातात टोपी घेऊन दाराशी उभे राहिले आणि मग हळूच निघून गेले.

पिशवीत पाठ होती, पुढचा भाग होता, एक बाही होती, आठ-दहा ओळी राहिलेली, सुईवरच. दुसऱ्या बाहीसाठी तीन कोरे गुंडे. बाईंनी सगळं पलंगावर मांडलं. पाठीच्या कडेला टाका वाढला होता. गळ्याचा उतार एकीकडे जास्त. सैल, ढगळ, अगदी दहा वर्षांच्या बबीचाच हात, तसूभरही सुधारलेला नाही. बाई त्या टाक्यांवरून बोटं फिरवत राहिल्या. या टाक्याला तिचं बोट लागलं होतं, या टाक्याला तिचं बोट लागलं होतं. घरात बबीच्या वस्तू होत्या, पण बबीनं स्वतः केलेलं असं हे एवढंच.

मग त्यांनी बाही हातात घेतली. बाहीवर मधोमध वेणीची नक्षी होती. हौस बघा पोरीची, साधा टाका धड येत नाही आणि वेणी घालायला निघाली! बाईंना रडता रडता हसू आलं. त्या बाही खिडकीशी घेऊन गेल्या. चष्मा खाली ओढला. वेणीचे पीळ मोजत खाली खाली आल्या, आणि मनगटाजवळ तिसरा पीळ उलट्या अंगाला पडलेला दिसला. बाकीचे सगळे उजवीकडे, हा एकटाच डावीकडे.

"अगं, इथंच चुकलीस की," बाई म्हणाल्या. "मोजलं नाहीस ना? बोलत बसली असशील आप्पांशी." त्या बबीशी बोलत होत्या, किती महिन्यांनी बोलत होत्या. आणि बोलता बोलता त्यांनी सुई काढली. धागा ओढला. सर्रकन ओळ गेली, दुसरी गेली. "सहा ओळी मोजायच्या आणि मग पीळ घालायचा, किती वेळा सांगायचं तुला?" खांदा गेला, कोपर गेलं. डावा हात सवयीनं गुंडाळत होता. "चुकलं तर चुकलं. त्यात काय रडायचं?" उलटा पीळ आला, सुटला, आणि बाईंच्या हाताला जरा बरं वाटलं. चूक गेली होती.

तेव्हा त्यांनी मांडीकडे बघितलं.

मनगटाची चार बोटं रुंद पट्टी उरली होती. बाकी सगळी लोकर. टाक्यांचे बाक धागाभर तसेच राहिलेले, नागमोडी, कुरळे. लोकर आहे तेवढीच होती. बाईंनी तो गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि शेजारपाजार जमेल एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या. पण ओरडून काय होणार होतं? बाही गेली होती, आणि ती घालवली होती त्यांनी, दुसऱ्या कुणी नाही.

पुढच्या गुरुवारी दुकानाचं दार उघडलं तेव्हा बाई पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी पिशवी आप्पांच्या पुढं केली. आप्पांनी आत बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी तो कुरळा गोळा बोटांनी चाचपून बघितला.

"धुऊन, वजन लावून वाळत घालतो," आप्पा शेवटी म्हणाले, दुसरं काय म्हणणार. "बाक निघून जातील. सरळ होईल लोकर."

"नाही!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की आप्पा दचकले. "पाणी लावायचं नाही तिला. ते बाक तिच्या हातचे आहेत. तेवढेच राहिलेत." मग आवाज खाली आला. "मी तशीच्या तशी बाही विणणार आहे आप्पा. तिच्यासारखी. ती जमली की ही लोकर घेईन, तोवर कोऱ्या गुंड्यांवर हात बसवते. घरी नको. ती बसायची तिथं बसू द्या मला."

मागच्या खोलीत एक खिडकी, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या खोक्यांची उतरंड. बाई रोज दीडच्या सुमाराला यायच्या. पहिल्या बाहीचे टाके आवळ आले, छापल्यासारखे. मग जाड सुया घेतल्या. टाके सैल झाले, पण सगळे एकसारखे सैल. मुद्दाम टाका सोडायच्या, आणि दुसऱ्या ओळीला बोट परस्पर जाऊन तो उचलून घ्यायचं. वेणीचा पीळ डावीकडे घालायचा ठरवून बसायच्या आणि तिसऱ्या पिळाशी हात उजवीकडे वळायचा. एकतीस वर्षं त्या हाताला एकच गोष्ट शिकवली होती. मुली निदान रडून का होईना ऐकायच्या. हा हात ऐकायला तयार नव्हता.

"डोळे मिटून बघा," आप्पा एकदा म्हणाले.

"बघितलं."

"माझ्याशी गप्पा मारत विणा."

"तेही केलं. माझी वेणी गप्पांत चुकत नाही हो आप्पा." आणि त्यांचे डोळे भरून आले. "असला कसला मेला हात माझा! लेकीसारखी एक चूक करता येत नाही त्याला."

हिवाळा गेला, दुसरा आला. वांगी रंगाची पिशवी खुंटीवर आहे, चिठ्ठी अजून तीच आहे. पाठ, पुढचा भाग, मनगटाची पट्टी आणि कुरळ्या लोकरीचा गोळा तिच्यात आहे. बाई आता फळ्यांकडे बघत नाहीत, गुंडा मानेला लावत नाहीत. सरळ मागच्या खोलीत जातात.

परवा आप्पा चहा घेऊन आत गेले तर बाही खांद्यापर्यंत पुरी झाली होती. वेणी देखणी, कुठं बोट ठेवायला जागा नाही. बाईंनी ती खिडकीकडे धरली, चष्मा खाली ओढला, आणि वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. मग सुई काढली.

"आता काय चुकलं बाई?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही चुकलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी धागा ओढला.