आईचं उतू जाणारं दूध

लेक झाली आणि पाचव्या दिवशी आई परभणीहून हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरली. एका पिशवीत तिची दोन लुगडी, बाकी दोन पिशव्यांत माझं दूध: अळीव, डिंक, खोबरं, बाळंतशेपा, शतावरी. तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटला त्या दिवसापासून तुपाचा जो वास लागला, तो पडद्यांतसुद्धा जाऊन बसला.

सकाळी अळिवाचा लाडू, मग मेथी-भाकरी, दुपारी खीर. त्यात खालच्या मजल्यावरच्या खाला येऊन सांगून गेल्या, "दूध में लस्सन उबाल के पिलाव इनकू." आईला तेवढंच निमित्त पुरलं! लसूणही सुरू झाली. मी सगळं गिळत होते. लेक दोन मिनिटं ओढायची आणि उपाशीच किंचाळायची. माझं नुसतं पिळून टाकलेलं फडकं झालं होतं.

"तुझ्या वेळी माझं दूध उतू जायचं," आई रोज सांगायची. "खा माय, एकच लाडू."

मी तो संपवायचे. आईला जे सहज जमलं ते मला जमत नाही, याची मला फार लाज वाटायची.

अठराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लेकीचं वजन केलं. वाढायचं सोडून ते घटलं होतं. जोडीला डब्याचं दूध द्या, म्हणाल्या. घरी आल्यावर मी पलंगावर बसून राहिले. डब्यावरची सूचना वाचण्याचंही त्राण नव्हतं.

आईनं चष्मा लावून ती एकदा पाहिली आणि कामाला लागली. बाटली उकळली, भरलेला चमचा सुरीच्या पाठीनं सपाट केला, दूध ढवळलं, निवलं तसं मनगटावर थेंब टाकून पाहिला. हात कुठे अडला नाही.

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"तुला कशावर वाढवलं मग?" ती बाटलीकडेच बघत होती. "अळीव मीबी लई खाल्ले होते."

माझं डोकंच फिरलं. "इतके दिवस खोटं बोललीस?"

"माझी आई मला असंच सांगायची. तुला तरी येईल, असं वाटलं गं."

लेक घटाघट प्यायली आणि माझ्या मांडीवरच झोपली. त्या दुपारी आईनं लाडू आणून दिला नाही. ती माझ्याशेजारी टेकली आणि तिनं तीस वर्षांचं राहिलेलं रडून घेतलं.