पिवळ्या खोलीची थेल्मा

नाव : थेल्मा साउथगेट. स्वयंसेवक क्रमांक : एकशे अठरा. नेमणूक : हॅलरबी हॉल, खोली क्रमांक सात, ऊर्फ पिवळी खोली; बुधवार व रविवार. सेवा : एकोणीस हंगाम, खंड नाही. मानधन : नाही. चहा : आहे. आवाज : दारापर्यंत पोचणारा. आगीच्या प्रसंगी कर्तव्य : प्रथम अभ्यागतांना पूर्वेच्या जिन्याने खाली नेणे, नंतर आरसा. आणीबाणीत कोणास कळवावे : सिरिल साउथगेट, पती.

हा कागद हॉलच्या जुन्या तबेल्यातल्या कचेरीत, हिरव्या फायलीत आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. थेल्मा आपल्या नवऱ्याला घरी ओळखत नाही, ही गोष्ट त्यात नाही, कारण फॉर्मात तसा रकाना नव्हता.

घर म्हणजे किंग्ज लिनमध्ये, सेंट निकोलसच्या चॅपलमागे, दोन खोल्या खाली आणि दोन वर. सकाळी थेल्मा स्वयंपाकघरात येई, टेबलाशी बसलेल्या सिरिलकडे जरा वेळ बघे आणि अदबीने विचारी, "तुम्ही बॉयलरसाठी आलात का?"

"हो," सिरिल म्हणे.

"चहा घेणार?"

"चालेल. दोन चमचे साखर."

"माझ्या नवऱ्यालाही दोनच लागतात," थेल्मा म्हणे आणि किटली ठेवी.

सुरुवातीला तो सांगत असे, की बाई, मीच तुझा नवरा. त्यावर ती घाबरायची, एकदा तर शेजारणीकडे पळाली. तेव्हापासून त्याने बॉयलरवाला होणं पत्करलं. बॉयलर इतक्या वर्षांत एकदाही बिघडला नव्हता, पण तेवढं चालायचंच.

सिरिलने एकेचाळीस वर्षं लिन बंदराच्या बोयांच्या, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, होडीवर काढली होती. वॉशची खाडी ही एका जागी स्वस्थ बसणारी खाडी नव्हे. तिथली वाळू सरकते, गेल्या वर्षी जिथून जहाजं जायची तिथे यंदा ओहोटीला सील पहुडलेले दिसतात. मग बोये उचलायचे, नवी वाट सापडेल तिथे नेऊन टाकायचे, आणि ती पुन्हा सरकेपर्यंत निर्धास्त राहायचं. थेल्माचं डोकं सरकू लागलं तेव्हा त्याने घरातही तेच केलं. डब्यांवर कागद चिकटवले. थेल्मा सपाता पावाच्या डब्यात ठेवू लागली, तेव्हा त्याने 'पाव' हा कागद काढून 'सपाता' असा लावला आणि पाव कपाटात नेला. तक्रार कोणाकडे करायची? खाडीकडे कोणी करत नाही.

राहता राहिली पिवळी खोली.

हॅलरबी हॉल, म्हणजे आता लोकांना बघायला खुला असलेला जुना वाडा, लिनपासून बारा मैलांवर. तो बांधला लिनच्याच एका व्यापाऱ्याने, देवमाशाच्या तेलावर. धक्क्यावर चरबी उकळायची, तिचा वास अख्ख्या गावाच्या अंथरुणा-पांघरुणात शिरायचा, आणि वाऱ्याने तो जिथवर पोचत नाही ते अंतर मोजून त्या गृहस्थाने आपलं घर बांधलं असं लिनमध्ये म्हणतात. त्याच्या नातसुनेची, लेडी ऑगस्टाची, ही खोली. थेल्माच्या पणज्याच्या पणज्याने ती चरबी उकळली होती. पणतूची पणती आता त्यातून निघालेल्या रेशमी पडद्यांची माहिती लोकांना फुकट सांगत असे. यात काही चमत्कारिक आहे असं दोन्ही घराण्यांपैकी कोणालाच वाटलं नाही.

पाहुणा उंबरा ओलांडून आत आला आणि त्याने मान वर करून छताकडे पाहिलं, की थेल्मा सुरू व्हायची. "वर बघताय ना? सगळे आधी वरच बघतात. ते चार पोपट एका इटालियन कारागिराने काढलेत, आणि त्याने पोपट कधी पाहिला नव्हता." मग आरसा, मग गालिचा, मग खिडकी. सात मिनिटं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. घरी जी बाई चमच्याला काय म्हणतात हे विसरे, ती इथे सतराशे बासष्ट सालच्या गवंड्यांची नावं सांगे.

शेवट खिडकीशी. "लेडी ऑगस्टा एकवीस वर्षं इथे बसून नवऱ्याच्या जहाजाची वाट बघत होत्या. माझाही नवरा पाण्यावरच असतो. पण माझं नशीब एवढं थोर नाही, आमचा सिरिल रोज पाच वाजता चहाला घरी येतो. तो बघा, तिथे बसलाय."

लोक हसत, वळून बघत. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सिरिल मान डोलवी.

बसता येण्याजोगी खोलीत ती एकच खुर्ची. बाकीच्या खुर्च्या अडीचशे वर्षांच्या. त्यांच्यावर बसू नये अशी पाटी लावणं उद्धटपणाचं, म्हणून प्रत्येकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असे. ज्याला बघून कळत नाही त्याला बसल्यावर कळतं. सिरिल स्वयंसेवक नव्हता. तो तीन वर्षं दर बुधवारी आणि रविवारी पाहुणा म्हणून आत येई आणि दिवसभर तिथे बसे.

"सिरिल," हॉलच्या शेजारच्या खोलीत, वाचनालयात, माहिती सांगायला उभी राहणारी मार्जोरी टिल्नी दारातून म्हणे, "तुझं आणि त्या खुर्चीचं आता चर्चमध्ये जाऊन रीतसर उरकून टाकू या."

"ती हो म्हणत नाही."

"मग अक्कल आहे तिला."

'तो बघा, तिथे बसलाय.' आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला पंधरा-वीस वेळा, सिरिल थेल्माचा नवरा असे. ती त्याला ओळखून हे म्हणते, की पोपटांच्या आणि आरशाच्या पाठोपाठ हे वाक्य आपसूक बाहेर पडतं, हा प्रश्न त्याला पडला नव्हता असं नाही. खाडीत काही उथळ जागा असतात, तिथे खोली मोजायला कोणी उतरत नाही. चहूबाजूंनी बोये टाकतात आणि वळसा घालून जातात. सिरिलने तेच केलं होतं.

ऑगस्टमध्ये इलीहून एक जोडपं आलं. त्यांनी सात मिनिटं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि जाता जाता नवऱ्याने पुन्हा एकदा छताकडे पाहिलं. "वर बघताय ना?" थेल्मा म्हणाली. बोलणाऱ्या बाईला मध्येच तोडून निघून जाणं त्या दोघांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं. बायको घाबरून जमिनीकडे बघत राहिली, पण नवऱ्याला मान वर करायची खोडच होती. तिसऱ्यांदा ऐकून, तीनदा हसून, तीनदा सिरिलकडे वळून बघून ते बाहेर पडले आणि खालच्या चहाच्या खोलीत गप्प बसून राहिले. घरी जाऊन त्यांनी हॉल चालवणाऱ्या संस्थेला लिहिलं, की भेट अतिशय आनंददायी झाली, त्या बाईंविषयी आम्हाला काळजी वाटते, आणि पोपटांचं आता आम्हाला पाठ आहे.

सप्टेंबरअखेर थेल्माच्या नावे पत्र आलं. 'आपल्या असामान्य योगदानाचा गौरव करण्याची संधी आम्हाला द्यावी', हंगामाच्या शेवटच्या रविवारी, तबेल्यात, चहापान. सिरिलने ते दोनदा वाचलं आणि बॉयलरवाल्याच्या भूमिकेतूनच थेल्माला सांगितलं, "तुमचा सत्कार आहे."

"अगं बाई," थेल्मा म्हणाली. "मग केस करून घ्यायला हवेत."

त्याने तिचे केस करवून आणले. स्वतः बंदराचा जुना टाय बांधला, बुटांना पॉलिश केलं. तबेल्यात चाळीसेक माणसं जमली होती, टेबलावर क्रीम लावलेले स्कोन आणि वर थेल्माचं नाव लिहिलेला लिंबाचा केक. हॅरिएट नावाची तिशीतली मुलगी स्वयंसेवकांचं बघते. ती चार मिनिटं बोलली आणि थेल्माला चांदीचा बिल्ला आणि पिवळ्या खोलीचा फ्रेम केलेला फोटो दिला. टाळ्या झाल्या. सिरिलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो स्कोन आणायला गेला.

येताना तो हॅरिएटला म्हणाला, "छान बोललीस, पोरी. आता मार्चमध्ये हॉल उघडेल त्याचं कसं? पहिला दिवस बुधवार की रविवार?"

हॅरिएटने हातातली बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "सिरिल, आम्ही आज थेल्माच्या एकोणीस वर्षांचा गौरव करतोय."

"ते झालंच की. मी मार्चचं विचारतोय."

"मला खरंच फार..." असं काहीतरी म्हणत ती केकच्या दिशेने गेली.

मार्जोरीने सिरिलचं कोपर धरून त्याला चहाच्या पिंपाशी नेलं. "अरे ठोंब्या, तिला काढलंय."

"कोणी?"

"या केकने."

सिरिलने केककडे पाहिलं. "पत्रात तसं नव्हतं."

"पत्रात कसं असेल? आपण काय रानटी आहोत?" मार्जोरी म्हणाली. "मलाही असंच एकदा चर्चच्या फुलांमधून काढलं. हातात गुच्छ देऊन. घरी जाऊन पाण्यात ठेवला, तेव्हा कळलं."

तो परत हॅरिएटपाशी गेला. आयुष्यात त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हे त्याला येत नव्हतं. "मी असतोच तिथे," तो म्हणाला. "चुकली तर मी सांगीन. लोकांना एकदाच ऐकवायचं, मी बघीन ते. फक्त रविवार दे. बुधवार नको."

"वरून ठरलंय, सिरिल. मार्चपासून तिथे यंत्र बसतंय, बटण दाबलं की माहिती ऐकू येईल." हॅरिएटचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. "तुम्ही दोघं पाहुणे म्हणून कधीही या. आजीव प्रवेशपत्र देतोय आम्ही."

"हो," सिरिल म्हणाला. "धन्यवाद." आणि असं म्हटल्यावर मग पुढे बोलायला काही उरत नाही.

वर माणसं कामाला लागलीसुद्धा होती. हंगाम संपला की घराला झोपवतात : खुर्च्यांवर पांढरे अभ्रे, झुंबरांना पिशव्या, घड्याळं बंद. फोटो काढून घेण्यापुरती थेल्मा पिवळ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली, तर आत सगळं पांढरं. "कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

गाडीत ती बिल्ल्याची डबी उघडत-मिटत होती. "कोणाचा निरोप होता?"

"एका बाईंचा. एकोणीस वर्षं होत्या."

"बऱ्या होत्या का?"

"चांगल्या होत्या."

"मग जातायत का?"

सिरिलने गिअर बदलला. बीटाने भरलेला ट्रॅक्टर पुढे होता, त्याच्या मागे मागे ते लिनपर्यंत आले.

नोव्हेंबर गेला. थेल्मा घरात नुसती बसून राहू लागली. बॉयलरवाल्याला चहा विचारणंही कमी झालं. डिसेंबरात एक दिवस सिरिलने पुढच्या खोलीतला सोफा सरकवला, खिडकीशी थेल्माची खुर्ची ठेवली, आणि दोन स्टुलांना होडीवरचा निळा दोर बांधून खोलीचे दोन भाग केले, हॉलमध्ये असतात तसे. मग दोराच्या अलीकडे उभं राहून म्हणाला, "थेल्मा, पिवळ्या खोलीचं सांग ना."

थेल्माने त्याच्याकडे पाहिलं. "बॉयलर झाला का?"

सिरिल मागच्या दाराने बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आला, बेल वाजवली, आपल्याच किल्लीने दार उघडलं, पाय पुसले, आणि आत येऊन मान वर करून छताकडे पाहिलं. छताला ओल आली होती, एवढंच.

"वर बघताय ना?" थेल्मा उठून उभी राहिली होती. "सगळे आधी वरच बघतात."

पोपट झाले. नसलेला आरसा झाला, गालिचा झाला. आवाज दारापर्यंत पोचत होता. सिरिलने दोर घट्ट धरला होता. खिडकी आली.

"...पण माझं नशीब एवढं थोर नाही. आमचा सिरिल रोज पाच वाजता चहाला घरी येतो."

ती थांबली. 'तो बघा' आलं नाही. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे खुर्ची नव्हती. तिथे इस्त्रीचं टेबल होतं.

"कसे आहेत ते?" सिरिलने विचारलं. पाहुण्याला विचारता येतं.

"सिरिल? बोलत नाही फारसा." थेल्मा हसली. "पण येतो. वेळेवर येतो."

साडेतीन झाले होते. सिरिलने आभार मानले आणि बाहेर पडला. ज्याची वाट बघितली जातेय तो माणूस तोच होता, आणि त्याला कधी यायचं तेही आता ठाऊक होतं. तो धक्क्यावर गेला, कस्टम हाउसपाशी कठड्याला टेकून उभा राहिला. भरतीचं गढूळ पाणी नदीतून वर चढत होतं. अंधार पडला. मग घराच्या मागच्या पडवीत जाऊन त्याने होडीवरचा जुना कोट अंगात घातला, टोपी चढवली, पुन्हा वळसा घालून पुढे आला. चॅपलच्या घड्याळात पाच वाजले तेव्हा तो उंबऱ्यावर होता.

"मी आलो, थेल्मा," तो म्हणाला. "सिरिल."

थेल्मा दोराच्या पलीकडे उभी होती. तिने त्याच्याकडे मायेने पाहिलं, लांबून आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"माफ करा हं," ती म्हणाली, "आम्ही बंद केलंय."

हे तिचं बरोबर होतं. हॅलरबी हॉलमध्ये शेवटचा प्रवेश साडेचारला असतो.