साडूच्या घरावरची कौलं

"पाऊस काय खालून वर येते का, मॅडम?" गजाननराव अंगणात उभे राहून मला विचारत होते.

मी शिडीवर होते. हातात पाण्याचा पाइप होता आणि त्यांच्या घराच्या मागच्या छपरावर मी मुद्दाम उताराच्या उलट दिशेने पाणी मारत होते. वाऱ्याचं काम मी करून दाखवत होते म्हणा. आत कोठीच्या खोलीत त्यांच्या पत्नी शोभाताई छताकडे बघत उभ्या होत्या. थोड्याच वेळात आतून त्यांचा आवाज आला, "आलं."

मी सिव्हिल इंजिनीअर, ऑफिस यवतमाळला. इंजिनीअर घरं बांधतो असं लोकांना वाटतं. माझा निम्मा वेळ दुसऱ्यांनी बांधलेली घरं का गळतात हे बघण्यात जातो. हे घर महागावचं. गजाननरावांचं कृषी केंद्र जोरात चालतं आणि घर रस्त्यावरून बघायला झकास आहे. समोर उंच, उतरतं, लाल कौलारू छप्पर. गोम मागे होती. मागे कोठीची एकमजली खोली आणि तिच्या छपराला लागून वरच्या मजल्याची खिडकी. खिडकीच्या खालीच छप्पर संपवायचं, म्हणून उंची मिळेना. उतार इतका कमी, की चेंडू ठेवला तर तोही विचार करून घरंगळेल. तरी कौलं तीच बसवली, कारण समोर तीच आहेत.

इथे थोडं शिकवते. कौल पाणी अडवत नाही, ते पाणी खालच्या कौलावर ढकलून मोकळं होतं. उतार भरपूर असला की पाणी पळतं आणि काम भागतं. उतार कमी असला की पाणी रेंगाळतं, आणि वारा सुटला की कौलांच्या सांध्यातून उलटं चढून आत उतरतं. अशा जागी सांधेच नकोत. एकतर स्लॅब घालून त्यावर अखंड वॉटरप्रूफिंग करायचं, नाहीतर वरपासून खालपर्यंत सलग एकच लांब पत्रा टाकायचा. समजायला एवढं सोपं आहे. पचायला अवघड.

गजाननरावांनी माझ्याआधी सगळं करून बघितलं होतं. डांबर ओतलं, पांढरं केमिकल फासलं. एक एक्सपर्ट येऊन सांध्यांमध्ये सिलिकॉन भरून गेला. त्याने पाणी बाहेर जायच्या वाटाही बुजवल्या, त्यामुळे आत आलेलं पाणी आतच मुक्कामाला राहिलं.

आणि त्या कोठीत होतं काय? शोभाताईंच्या बचत गटाचा माल. उन्हाळाभर या बायका पापड, कुरडया, मुगवड्या करतात आणि पुढे वर्षभर विकतात. मे महिन्यातल्या एका वादळी पावसात कुरडयांच्या टोपल्या भिजल्या. नागपूरच्या दुकानदाराने आधीच बजावलं होतं, बुरशीची एक कुरडई निघाली तर पुढच्या वर्षापासून माल बंद. पावसाळा तोंडावर आला होता. बायकांनी उन्हात बसून केलेलं काम एका माणसाच्या लाल कौलांच्या हौसेखाली ओलं होत होतं. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही.

"कौलं काढा, पत्रा टाका," मी म्हटलं.

"पत्रा? मी काय गोठा बांधून राह्यलो, मॅडम?"

"तुमच्या गोठ्यावर काय आहे?"

"पत्राच आहे."

"गळतो?"

"नाई," ते म्हणाले. "पण ते जनावरायचं झालं."

म्हणजे जनावरं कोरडी राहिली तरी चालतं, माणसांनी मात्र इभ्रतीत भिजायचं.

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "केळापूरले आमच्या साडभाऊच्या घरी मागंपुढं सारी कौलंच आहेत. मागचा उतार बी असाच. एक थेंब गळत नाई. पाहून तं या, मंग सांगा."

गेलो. गाडीत ते, शोभाताई आणि मी. साडू सुधाकरराव ट्रॅक्टर विकतात. त्यांनी दारातच आमचं स्वागत केलं आणि समोरचं छप्पर डावीकडून, उजवीकडून दाखवलं. मागचं स्वयंपाकघर बघू का, असं मी विचारल्यावर म्हणाले, "तिकडं पसारा आहे, चहा घ्या." चहा झाला. पुन्हा विचारलं, तर सरबत आलं. घराची मागची बाजू टाळण्यासाठी एवढा पाहुणचार मी पहिल्यांदाच घेत होते.

शोभाताई मात्र केव्हाच बहिणीकडे, रेखाताईंकडे आत गेल्या होत्या. आतून हसण्याचा आवाज आला, तशी मी सरळ उठून गेले. स्वयंपाकघराला नवंकोरं पीओपीचं छत होतं, मधोमध कमळ. कमळाच्या पाकळ्यांना तपकिरी डाग पडलेले आणि खाली ओट्यावर रिकामे गंज, पातेली ओळीने मांडलेली.

"आभाळ आलं का आधी गंज मांडा लागते, मंग कणिक मळा लागते," रेखाताई म्हणाल्या.

"अवो, मंग मले सांगतलं काहून नाई?" शोभाताईंनी विचारलं.

"यायनं सांगतलं होतं, महागावले कळू देऊ नको."

"मले बी तेच सांगतलं, केळापूरले कळू देऊ नको."

या बहिणी रोज फोनवर बोलतात. भाजी काय केली इथपासून सगळं बोलतात. फक्त छप्पर सोडून. दोघी पदराने डोळे पुसत हसत होत्या आणि मला मात्र हसता हसता वाईट वाटलं.

गजाननराव दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी गंज बघितले, कमळ बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की लेकाला नोकरी लागली असती तरी एवढा उजळला नसता. परतताना गाडीत ते गाणं गुणगुणत होते. महागाव यायच्या आत म्हणाले, "मॅडम, पत्रा कवा टाकता?"

मागच्या सीटवरून शोभाताई म्हणाल्या, "आमच्या कुरडया भिजल्या तवा नाई सुचलं. साडभाऊचं गळलं तवा सुचलं."

गाणं थांबलं.

कौलं उतरवली आणि सलग लांबीचे पत्रे टाकले. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, पाणी वाहतं त्या खोलगट भागात एकही नाही. खिडकीखाली भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घुसवली, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणीही बाहेरच राहतं. मग पुन्हा मी शिडीवर आणि पुन्हा उलटा पाइप. मनगट दुखेपर्यंत पाणी मारलं. शोभाताईंनी आतून सांगितलं, "नाई आलं." पावसाळाभर माल कोरडा राहिला, नागपूरला गेला, आणि दुकानदाराने पुढच्या वर्षाचीही ऑर्डर दिली.

मधे भाद्रपदात सुधाकररावांचा फोन आला. "मॅडम, महागावले जो पत्रा टाकला, त्याच्याहून भारी पाह्यजे."

"कुठे गळतंय?"

"गळत नाई. पण टाका."

टाकला. कमी उतारावर कौलं घालू नयेत, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. घरमालकाला ते कसं पटवायचं, हे कुणी शिकवत नाही. मी आता त्यावर वेळ घालवत नाही. गळकं घर बघायला गेले की आधी विचारते, साडू कुठे राहतात?