घण आणि पहिला नंबर

माझ्या मामाने आयुष्यात जे जे उभं पाहिलं, त्यातलं बरंचसं आडवं केलं. धंदाच तो. जुन्या इमारती पाडायच्या, विटा-लोखंड वेगळं करायचं, जागा मोकळी करून द्यायची. सगळे त्याला घण म्हणतात, आणि ते नुसता हातात असतो म्हणून नाही. मामीचा मिक्सर अडकला तेव्हा तो त्याने दुरुस्तीला घेतला आणि तासाभराने मामी तो केरसुणीने गोळा करत होती. मी नववीत नापास झालो तेव्हा त्याने मला एकच दिली होती. डावा कान अजून अधूनमधून तिची आठवण काढतो.

अशा माणसाची वेबसाइट मी केली. कॉलेज संपवून मी हेच काम धरलं होतं, लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं. मामाची तक्रार सरळ होती: लोक आता ओळखीच्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात, आणि फोन साडूचं नाव सांगतो. साडू म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मामाच्याच हाताखाली शिकला, आता स्वतःचं मशीन घेऊन बसला होता.

"त्याच्या वर," मामा म्हणाला. "बाकी मला काही कळत नाही."

मी इमानाने राबलो. पाडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो टाकले, पत्ता नीट भरला, गिऱ्हाइकांच्या मागे लागून चार बरे शब्द लिहून घेतले. 'माणूस तापट, पण भिंत ठेवत नाही' हा अभिप्राय मामाला सगळ्यात आवडला. सहा महिने तरी लागतील, असं मी बजावलं होतं. महिन्याभरातच त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. सगळ्यात वर तोच.

रोज चहाबरोबर, जेवताना, मलब्यावर बसून तो दिवसातून वीसदा 'पाडकाम' शोधायचा आणि स्वतःचंच पान उघडायचा. फोन हुशार असतो. मालकाला काय आवडतं ते बघून तेच वर आणून ठेवतो. माझ्या फोनवर मामा अकरावा होता, म्हणजे दुसऱ्या पानावर, जिथे कुणी फिरकत नाही.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या हातून मिळालेली ही पहिली प्रेमाची थाप. दोन दिवस पाठ दुखली आणि मी गप्प बसलो.

मग बंद पडलेल्या गिरणीचं काम निघालं. चार मजले, वर चिमणी. हे मिळालं नाही तर हाताखालच्या चौघांना घरी पाठवावं लागेल, असं मामाने मामीला सांगून ठेवलं होतं. गिरणीच्या मॅनेजरबाई आवारातच भेटल्या. मामा ऐटीत म्हणाला, माझं सोडा, तुमच्या फोनवर पहिला कोण येतो ते बघा. पहिला साडू आला. बाईंनी पान सरकवत मामाला थोडा वेळ शोधलं, मग हसून साडूला फोन लावला. मामासमोरच.

'सकाळी मी पहिला होतो, दुपारी नाही, म्हणजे साडूने काहीतरी केलं.' मामाच्या डोक्यात एवढंच बसलं. त्याने टेम्पोत घण टाकला. वाटेत मी दोनदा "मामा, ऐका ना" म्हणालो. पुढचं वाक्य डाव्या कानाने अडवलं.

साडूच्या ऑफिसला काचेचं दार होतं. मामाने ते ढकलायची तसदी घेतली नाही. दुसरा घाव कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तिसरा टेबलाखालच्या त्याच्या डब्यावर. पहिला नंबर त्याच डब्यात कोंडलाय अशा थाटात तो ठोकत होता. आतून साडू पहार घेऊन आला. दोघांची तालीम एकच, खांब पायाशी तोडायचा. पहार मामाच्या गुडघ्यावर बसली. तो वाकला, पडला नाही. साडूने पुन्हा हात उचलला तोच घण आडवा आला आणि तो हात टेबलाच्या कडेवर सुक्या फळीसारखा मोडला. हाड कातडीबाहेर आलं. कीबोर्डवर रक्त ठिबकायला लागलं. मामाने घण परत उचलला, या वेळी डोक्याच्या रोखाने.

तेव्हा माझं तोंड उघडलं.

"मामा, तुम्ही पहिले कधीच नव्हता. तुमचा फोन तुम्हालाच खूश करत होता. मला माहीत होतं."

घण वरच थांबला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

खाली बसलेला साडू मोडका हात पोटाशी धरून कण्हत म्हणाला, "दादा, मीपण चार महिने तसाच फसलो होतो. विचारायचंत तरी."

मामाने घण टाकला आणि मला हाताने मारलं. माझे दोन दात साडूच्या काचांमध्ये मिसळले. मग त्यानेच साडूला उचलून टेम्पोत घातलं आणि लंगडत इस्पितळात नेलं. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातून कुणीतरी सगळं टिपलं होतं. आठवड्याभरात मामा खरोखरच पहिला आला, माझ्या फोनवर, बाईंच्या फोनवर, सगळ्यांच्याच. नावाखाली फुटलेलं दार आणि लाल कीबोर्ड. कामासाठी एकही फोन आला नाही. चौघे घरी गेले.

जामिनावर सुटून आल्यावर गुडघ्याला पट्टा बांधून तो खाटेवर बसला होता. "भाच्या, आता खाली आण," म्हणाला.

मी म्हणालो, वर आणायलाच जमलं नव्हतं. हे उतरायला वर्षं लागतील. आणि सवयीने मान खांद्यांत ओढली. हात आला नाही. मामाने फोन घेतला, साडूचं नाव शोधलं, त्याचं पान उघडलं. बंद केलं, परत शोधलं, परत उघडलं.

"असं केलं की तो वर जातो ना?"

"फक्त तुमच्या फोनवर, मामा."

"चालेल," तो म्हणाला, आणि पुन्हा शोधायला लागला.